एंजिन का तापते? जुन्या मोटारीला नवे मॅनिफोल्ड बसविल्यावर उद्‌भवणारा एक प्रश्न

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने 'मस्टँग' नावाची एक मोटार लोकांपुढे मांडली. लांब बॉनेट, आखूड पाठ आणि बेताची किंमत या गुणांमुळे ती एवढी लोकप्रिय झाली की, साठ वर्षे उलटून गेल्यावरही अमेरिकेत तिला जिवापाड जपणारे मालक पुष्कळ आढळतात. १९६५ व १९६६ सालच्या या मोटारींत २८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे, 'व्ही' आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे एंजिन येत असे. त्याच्या साध्या प्रकारावर दोन तोंडांचा कार्ब्युरेटर असे व त्याची शक्ती २०० अश्वशक्ती सांगितली जाई. चार तोंडांचा कार्ब्युरेटर आणि थोडे अधिक संपीडन असलेल्या प्रकाराची शक्ती २२५ होती.

हा पंचवीस घोड्यांचा फरक साध्या प्रकाराच्या मालकाच्या मनात घर करून बसतो. मग एखाद्या सुटीच्या दिवशी तो जुने बिडाचे जडशीळ इन्टेक मॅनिफोल्ड उतरवितो, त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचे हलके मॅनिफोल्ड व त्यावर चार तोंडांचा नवा कार्ब्युरेटर चढवितो. एंजिन सुरू होते, आवाज भरदार येतो, मालकाचे समाधान होते. आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला उष्णतादर्शकाचा काटा चढू लागतो.

येथून पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम नवा थर्मोस्टॅट येतो, नंतर पाण्याचा पंप बदलला जातो, शेवटी मोठा रेडिएटर विकत घेतला जातो. खिसा हलका होतो, काटा मात्र होता तेथेच राहतो. याहूनही वाईट गोष्ट अशी की, या प्रयोगांच्या काळात एंजिन वारंवार तापत राहते. हेडचा पृष्ठभाग वाकतो, गॅस्केट जळते, कधी बिडाला तडा जातो. तडकलेल्या ब्लॉकच्या जागी दुसरा ब्लॉक आणता येतो, हे खरे. परंतु मग ती मोटार मूळची राहत नाही, आणि तिचे मोल तर मूळपणातच असते. म्हणून सुटे भाग बदलण्याआधी निदान करणे हे येथे शब्दशः फायद्याचे ठरते.

हवेच्या वाटेवर पाणी कोठून आले?

इन्टेक मॅनिफोल्डचे मुख्य काम म्हणजे कार्ब्युरेटरमधून येणारे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आठ सिलिंडरांना वाटून देणे. त्याचा पाण्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. चार सिलिंडरांच्या पुष्कळ एंजिनांत तो संबंध खरोखरच नसतो. पण या एंजिनात मॅनिफोल्ड हे दोन्ही हेडांच्या मधोमध पुलासारखे बसविलेले असते, आणि त्या पुलाखालून, किंबहुना त्या पुलाच्याच पोटातून, पाणीही वाहते.

पाण्याचा प्रवास असा होतो. (रेडिएटरमध्ये वास्तविक पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण असते, सोयीसाठी येथे त्याला पाणीच म्हटले आहे.) पुढच्या बाजूस असलेला पंप रेडिएटरच्या तळातून पाणी ओढतो व ब्लॉकच्या दोन्ही अंगांत ढकलतो. ते मागच्या टोकापर्यंत जाते, तेथे वर चढून हेडांत शिरते, हेडांतून पुन्हा पुढे येते आणि मॅनिफोल्डच्या पुढच्या भागातील आडव्या मार्गात एकत्र होते. याच ठिकाणी थर्मोस्टॅट बसविलेला असतो. तो उघडला की पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरात जाते. थर्मोस्टॅट बंद असतानाही थोडे पाणी फिरते राहावे म्हणून मॅनिफोल्डपासून पंपापर्यंत एक आखूड नळी दिलेली असते. तिला आडवाट म्हणता येईल.

याच मॅनिफोल्डच्या मध्यभागातून, कार्ब्युरेटरच्या बरोबर खालून, एक्झॉस्टचा तप्त वायूही जातो. थंड हवामानात पेट्रोलची वाफ नीट व्हावी यासाठी ही योजना आहे. आणि मॅनिफोल्ड उतरवायचे तर ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटरही बाहेर काढावा लागतो. म्हणजे मालकाच्या समजुतीप्रमाणे त्याने केवळ हवेचा रस्ता बदलला. प्रत्यक्षात त्याने हवा, पेट्रोल, पाणी, ठिणगी आणि उष्णतामापक, अशा पाच गोष्टींना एकाच वेळी हात लावला. दोष या पाचांपैकी कोठेही असू शकतो.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. 'शक्ती वाढली, म्हणून उष्णता वाढली' असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. पेट्रोलपासून मिळणाऱ्या ऊर्जेचे ढोबळ मानाने तीन सारखे भाग पडतात: एक भाग चाकांकडे, एक एक्झॉस्टमधून बाहेर, एक पाण्यात. हे खरे असले तरी, सपाट रस्त्यावर ताशी ६० मैल वेगाने जाण्यास मोटारीला पंधरा-वीस किलोवॅट शक्ती लागते, ती कार्ब्युरेटर कोणताही असला तरी तेवढीच लागते. वाढीव पंचवीस अश्वशक्ती पायाखालचे पेडल पूर्ण दाबले तरच प्रगट होते, आणि तेही थोडे सेकंद. तेव्हा चौकातील दिव्यापाशी उभी असताना जी मोटार तापते, तिच्या तापण्याला वाढीव शक्ती कारण असूच शकत नाही.

आधी काट्याची साक्ष तपासावी

वैद्याने नाडी पाहण्यापूर्वी आपले घड्याळ चालू आहे ना हे पाहावे, तसे येथेही करणे अवश्य आहे. मस्टँगच्या मूळ उष्णतादर्शकावर अंशांचे आकडे नाहीत. एका टोकाला 'सी' व दुसऱ्या टोकाला 'एच' एवढीच अक्षरे आहेत. त्याला वार्ता पुरविणारा संवेदक मॅनिफोल्डमध्येच आटे पाडून बसविलेला असतो. पाणी तापले की या संवेदकाचा विद्युत्‌रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा 'एच' कडे सरकतो. नव्या मॅनिफोल्डबरोबर दुसऱ्याच एखाद्या दर्शकासाठी बनविलेला संवेदक बसविला गेला आणि त्याचा रोध मुळापेक्षा कमी असला, तर एंजिन पूर्ण निरोगी असूनही काटा तापाची वर्दी देईल. आट्यांभोवती टेफ्लॉनची फीत जाड गुंडाळली असता उलट परिणाम घडू शकतो: संवेदक व एंजिन यांमधील विद्युत्‌संपर्क बिघडतो, रोध वाढतो आणि काटा खाली राहतो. ही चूक अधिक घातक होय, कारण तिच्यामुळे खरा ताप लपतो.

या मोटारीत आणखी एक गंमत आहे. उष्णतेचा व पेट्रोलचा असे दोन्ही दर्शक एकाच लहान विद्युत्‌नियंत्रकावर चालतात. हा नियंत्रक बॅटरीचा बारा व्होल्टचा दाब सारखा तोडीत-जोडीत सरासरी पाच व्होल्टच्या आसपास आणून सोडतो. त्याचा जमिनीशी, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याशी असलेला जोड सुटला तर पूर्ण बारा व्होल्ट दोन्ही दर्शकांना मिळतात व दोन्ही काटे वर चढतात. म्हणून एंजिन 'तापले' असे वाटताच शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे पाहावे. अर्धी भरलेली टाकी जर काठोकाठ भरलेली दिसत असेल, तर दोष एंजिनात शोधण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष उष्णतामान मोजण्यास आता अवरक्त किरणांवर चालणारे हातातील मापक सहज मिळतात. मात्र त्यांच्या वापरात एक खाच आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम अवरक्त किरण फारच थोडे बाहेर टाकते. त्यामुळे नव्या मॅनिफोल्डवर रोखलेला मापक खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवितो. थर्मोस्टॅटजवळ काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून त्यावर मापक धरला की आकडा विश्वासार्ह होतो. तेथे ८२ ते ९५ अंश सेल्सिअस आढळल्यास काळजीचे कारण नाही. ११० अंश आढळल्यास ताप खरा आहे असे समजावे.

पाण्याच्या वाटेतील अडथळे

ताप खरा ठरला तर पुढचा प्रश्न असा: उष्णता नेहमीइतकीच निर्माण होत असून ती बाहेर पडत नाही, की ती मुळातच जास्त निर्माण होत आहे?

पहिल्या शक्यतेत सर्वांत वारंवार आढळणारे आणि सर्वांत सोपे कारण म्हणजे कोंडलेली हवा. मॅनिफोल्ड उतरविताना निम्मे-अधिक पाणी काढून टाकलेले असते. पुन्हा भरताना हेडांच्या वरच्या भागात हवा अडकते. थर्मोस्टॅट बंद असल्याने तिला वाट मिळत नाही. थर्मोस्टॅटमधील मेणाची डबी पाण्यात बुडालेली असली तरच वेळेवर वितळते. तिच्याभोवती हवा असेल तर ती उशिरा उघडते आणि तोवर हेडांतील पाणी उकळू लागते. अशा वेळी काटा एकाएकी वर जातो, एकाएकी खाली येतो, पुन्हा वर जातो. मोटारीचे नाक चढावाकडे करून, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून, थंड एंजिन सुरू करावे व थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालीत राहावे. काही अनुभवी कारागीर थर्मोस्टॅटच्या चकतीला सुमारे तीन मिलिमीटरचे एक भोक पाडतात, म्हणजे हवा आपोआप निसटते. थर्मोस्टॅट उलटा बसविणे हीदेखील नवख्याची नेहमीची चूक आहे. मेणाची डबी एंजिनच्या बाजूस असावयास हवी.

तापलेल्या एंजिनाचे झाकण मात्र कदापि उघडू नये. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब राहतो, आणि सुमारे १३ पौंडांच्या दाबाखाली साधे पाणीही ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, ११० अंशांवरचे पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उसळते आणि तोंडावर, हातांवर येते. पाऊण तास थांबण्याचा कंटाळा करणाऱ्यांचे चेहरे भाजल्याची उदाहरणे गॅरेजांत काही थोडी नाहीत.

आडवाटेच्या आखूड नळीची हेळसांड विशेष होते. नव्या मॅनिफोल्डवर तिचे तोंड थोडे निराळ्या जागी आले की ती मुडपते. कित्येक जण ती अनावश्यक समजून बुचे मारून टाकतात. परिणाम असा की, थर्मोस्टॅट बंद असेतो हेडांतील पाणी जागच्या जागी थबकते, एक्झॉस्टच्या दारांभोवती वाफेचे कप्पे तयार होतात, आणि थर्मोस्टॅटपाशी मात्र कोमटच पाणी असते. त्यामुळे त्याला उघडण्याची आज्ञाच मिळत नाही.

पुढे गॅस्केटांची पाळी येते. या एंजिनाचे एकच हेड उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंस चालावे म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची तोंडे ठेवलेली आहेत. पुढची तोंडे वापरात असतात, मागची मॅनिफोल्डने झाकली जातात. गॅस्केट किंचित सरकले किंवा त्यावर रबरी लुकण सढळ हाताने थापले, तर वापरातील तोंड अंशतः बुजते. लुकणाचे तुटके धागे पाण्याबरोबर वाहत जाऊन रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत अडकतात, ते वेगळेच. काम करताना कचरा पडू नये म्हणून तोंडांत कोंबलेली फडकी आतच राहिल्याचीही उदाहरणे आहेत! एंजिन तापलेले असताना रेडिएटरच्या पृष्ठभागावर मापक फिरविला आणि मध्येच एखादा पट्टा थंड आढळला, तर तेथील नळ्या तुंबलेल्या आहेत असे निश्चित समजावे. याच संधीला मालकाने हेडही उतरविले असतील, तर त्यांखालची गॅस्केटे उलटसुलट झाली नाहीत ना हे तपासावे. या एंजिनाच्या हेड-गॅस्केटात पाण्याची मोठी भोके एकाच टोकाला असतात व ते टोक मागे यावयास हवे. ते पुढे आले तर पाणी मागपर्यंत न जाता जवळच्या वाटेने वर निघून जाते, आणि मागचे सिलिंडर कोरडेच भाजत राहतात.

हेड-गॅस्केट फुटले असल्याची शंका असेल तर तिचा निकाल रसायनशास्त्र लावते. रेडिएटरच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. त्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायॉक्साइड असला तर द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत असल्याचा याहून सोपा पुरावा नाही.

आगीचा हिशेब

पाण्याची वाट निर्दोष आढळली तर आगीकडे वळावे लागते. मॅनिफोल्ड बदलल्यानंतरच्या तापण्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते, आणि मालकाचे लक्ष सर्वांत शेवटी जाते तेही येथेच.

स्पार्क-प्लगमध्ये ठिणगी पडल्यावर मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्वाला पसरण्यास वेळ लागतो, म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधीच ठिणगी पाडावी लागते. ही आगाऊ वेळ अंशांत मोजतात. ठिणगी उशिरा पडली, तर ज्वाला अजून धगधगत असतानाच दट्ट्या खाली गेलेला असतो. कामात लागावयाची उष्णता तशीच एक्झॉस्टच्या झडपेतून बाहेर पडते. ती जेथून बाहेर पडते त्या दाराच्या भिंतींभोवती हेडातील पाणी खेळत असते. ते ती उष्णता शोषून घेते. म्हणजे शक्ती घटते व पाणी तापते, दोन्ही तोटे एकदम. डिस्ट्रिब्यूटर काढून पुन्हा बसविलेला असल्यामुळे ठिणगीची वेळ बदललेली असण्याचा संभव दाट असतो. शिवाय ज्या चाकावरील खुणा पाहून ही वेळ लावतात, त्या चाकाचे बाहेरचे कडे रबराने चिकटविलेले असते. साठ वर्षांचे रबर सरकते आणि खुणा खोटे बोलू लागतात. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या खरोखर माथ्यावर आणून खूण ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

याहून सूक्ष्म दोष आहे तो एका बोटभर जाडीच्या रबरी नळीचा. गाडी उभी असून एंजिन सावकाश चालत असते, किंवा मोटार सपाट रस्त्यावर एकसारखी धावत असते, तेव्हा सिलिंडरात मिश्रण थोडे व विरळ असते. असे मिश्रण हळू जळते. त्याला ठिणगी आणखी आधी लागते. हे काम डिस्ट्रिब्यूटरवरील एक पडदा करतो. कार्ब्युरेटरखालील निर्वाताची ओढ त्याला नळीवाटे मिळते व तो ठिणगी पुढे ओढतो. नव्या कार्ब्युरेटरवर अशा नळीसाठी बहुधा दोन तोंडे असतात. एकात निर्वात सदैव असतो. दुसऱ्यात पेडल किंचित दाबल्यावरच तो प्रगट होतो. एंजिनाची मांडणी ज्या तोंडास धरून केली होती त्याऐवजी नळी दुसऱ्यास लागली, किंवा ती लावायचीच राहून गेली, तर ठिणगीची वेळ दहा-वीस अंशांनी मागे पडते. मालकाला एंजिन थोडे मंद वाटते एवढेच. पाणी मात्र तापत राहते.

या बाबतीत खुद्द कंपन्यांचा इतिहास बोलका आहे. १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत धुराविषयीचे कायदे कडक झाले. तेव्हा मोटार उभी असतानाची ठिणगी मुद्दाम उशिरा पाडण्याची पद्धत रूढ झाली, कारण तप्त एक्झॉस्टमध्ये न जळलेले पेट्रोल जळून जाते. पण त्यामुळे एंजिने तापू लागली. मग थर्मोस्टॅटजवळ एक लहानशी झडप बसविण्यात आली: पाणी ठराविक मर्यादेपलीकडे तापले की ती डिस्ट्रिब्यूटरच्या पडद्याला पूर्ण निर्वात जोडून देते, ठिणगी पुढे जाते, एंजिनाचा वेग वाढतो व ताप उतरतो. ठिणगीच्या वेळेचा आणि पाण्याच्या उष्णतामानाचा संबंध किती निकटचा आहे, याची ही कंपन्यांनी पितळेत ओतून दिलेली कबुलीच म्हणावी लागेल.

आता मिश्रणाविषयी. साधे पेट्रोल पूर्ण जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. पेडल पूर्ण दाबलेले असताना मात्र मिश्रण याहून बरेच दाट, म्हणजे १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोलची वाफ होताना मिश्रण थंड होते व धडाका अवेळी होत नाही. नव्या कार्ब्युरेटरची भोके लहान असल्यामुळे हे दाटपण गेले तर ज्वलनकक्षाचे उष्णतामान चढते. मिश्रण फारच विरळ झाले तर ज्वाला मंदावते, आणि परिणाम उशिरा पडलेल्या ठिणगीसारखाच होतो. 'विरळ मिश्रणाने एंजिन तापते' या लोकोक्तीत अशा दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत.

कार्ब्युरेटर जितका मोठा तितका चांगला, ही समजूतही येथे नडते. ४.७ लिटरचे एंजिन दर फेऱ्यास त्याच्या निम्मी हवा ओढते. मिनिटाला ६,००० फेरे धरले तर ती १४.२ घन मीटर, म्हणजे सुमारे ५०० घन फूट होते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. शेकडा ८०-८५ धरले तर गरज ४०० ते ४२५ घन फुटांचीच उरते. अशा एंजिनावर ७५० घन फुटांचा कार्ब्युरेटर बसविला, तर त्याच्या रुंद तोंडांतून हवा एवढी सावकाश जाते की नेहमीच्या वेगांत पेट्रोल ओढून घेण्याइतकी ओढच निर्माण होत नाही.

आणि इंधनही आता पूर्वीचे राहिलेले नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते, त्याला १४.१ पटच हवा पुरते. भारतात फेब्रुवारी १९२३ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. त्याला सुमारे १३.५ पट लागते. जुन्या भोकांचा कार्ब्युरेटर हे काही जाणत नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो व मिश्रण पहिल्या बाबतीत सुमारे चार, दुसऱ्या बाबतीत सुमारे आठ टक्के विरळ होते.

राहता राहिली चोरवाटेने शिरणारी हवा. मॅनिफोल्ड हेडांवर नीट टेकले नाही तर कार्ब्युरेटरला न जुमानता हवा आत ओढली जाते. वरच्या बाजूची गळती धूर सोडणाऱ्या यंत्राने दिसते; पेटणारे द्रव फवारून ती शोधण्याची जी रीत आहे, ती तापलेल्या एक्झॉस्टजवळ जीवावर बेतणारी आहे. पण गळती मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला असली तर वरून काहीच दिसत नाही. तेथे एंजिनाच्या पोटातील तेलकट वाफ ओढली जाते. तिचे गुह्य उकलण्याची एक सुंदर युक्ती आहे. एंजिनाच्या पोटातील वाफ कार्ब्युरेटरकडे नेणारी नळी काढून बंद करावी, तेलाचे झाकण व इतर सर्व श्वासमार्ग बुजवावेत आणि एंजिन चालू असताना तेल मोजण्याच्या कांडीच्या नळीवर बोट ठेवावे. निरोगी एंजिनात तेथे हलका दाब जाणवतो, कारण दट्ट्यांच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली येतो. बोट जर आत ओढले गेले, तर मॅनिफोल्ड खालून गळत आहे यात शंका नाही. पुष्कळदा याचे कारण पुढच्या-मागच्या टोकांना दिलेल्या बुचाच्या जाड पट्ट्या हे असते: त्या मॅनिफोल्डला उचलून धरतात व ते हेडांवर बसूच देत नाहीत. म्हणून जाणते कारागीर त्या पट्ट्या फेकून देऊन तेथे लुकणाची एक सलग रेघ ओढतात.

कधी तापते, हे विचारावे

रोग्याला ताप सकाळी येतो की संध्याकाळी, हे जसे विचारतात, तसे येथेही विचारावे. गर्दीत व उभी असताना तापणारी, पण मोकळ्या रस्त्यावर निवणारी मोटार वाऱ्याची किंवा ठिणगीची तक्रार करीत असते. काम करताना पंख्याभोवतीचे कडे काढून ठेवले व ते परत लावलेच नाही, असे पुष्कळदा आढळते. उलट, गावात शांत असणारी मोटार हमरस्त्यावर तापत असेल तर पाण्याचा ओघ अपुरा आहे, मुख्य भोके लहान आहेत किंवा पडद्याची नळी सुटलेली आहे. खालच्या रबरी नळीत तारेची स्प्रिंग नसेल, तर वेगात पंपाच्या ओढीने ती चपटी होते. एंजिनाचा वेग वाढवून तिच्याकडे नुसते पाहिले तरी हे कळते. आणि मोटार थांबविल्यावर पंधरा मिनिटांनी जर ती सुरू होईना, तर ते पाण्याचे तापणे नसून मॅनिफोल्डच्या उष्णतेने कार्ब्युरेटरातील पेट्रोल उकळणे होय. त्यावर कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक जाड चकती बसविणे पुरते.

थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा सल्ला देणारे सर्वत्र भेटतात. थर्मोस्टॅट एंजिनाचे किमान उष्णतामान ठरवितो, कमाल नव्हे. ८२ अंशांचा काढून ७१ अंशांचा बसविल्याने ताप उतरत नाही, तो फक्त थोडा उशिरा चढतो. 'पाणी फार वेगाने गेले तर त्याला रेडिएटरात निवायला वेळ मिळत नाही', हा त्याच्या उलट टोकाचा समजही तितकाच फोल आहे. पाण्याला ४० किलोवॅट उष्णता वाहून न्यावयाची आहे असे धरले, तर सेकंदाला एक लिटर ओघ असता निम्मे ग्लायकॉल असलेले पाणी सुमारे ११ अंशांनी तापते. ओघ दुप्पट केला तर साडेपाच अंशांनी. ओघ वाढल्याने रेडिएटर सर्वांगाने अधिक सारखा तापतो व वाऱ्याला अधिक उष्णता देतो.

आपल्याकडील वाचकांस अँबॅसडरची आठवण होईल. तिच्या १,४८९ घन सेंटिमीटरच्या जुन्या एंजिनात इन्टेक मॅनिफोल्डमधून पाणी जात नाही. थर्मोस्टॅट हेडच्या पुढच्या टोकास असतो. त्यामुळे तिच्यावर दुसरा कार्ब्युरेटर चढविल्यानंतर ताप आला, तर वर सांगितलेल्या पाण्याच्या प्रकरणातील बराचसा भाग वगळून थेट ठिणगी, मिश्रण व हवेची गळती यांपासून सुरुवात करता येते. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. उन्हाळ्यात नळाचे साधे पाणी भरून मोटार चालविण्याची आपली जुनी सवय अ‍ॅल्युमिनियमला मानवत नाही. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात भिजत राहिले की त्यांची एक विजेरीच तयार होते व तीत अ‍ॅल्युमिनियम झिजते. गंजरोधक द्रव्य न घातलेल्या पाण्याने नवे मॅनिफोल्ड काही वर्षांत पाण्याच्या तोंडांपाशी खड्डे पडून गळू लागते.

तपासाचा क्रम अखेर खर्चाच्या क्रमाने लावावा. पेट्रोलच्या काट्याकडे एक दृष्टिक्षेप, काळ्या पट्टीवरचे उष्णतामान, कोंडलेली हवा, पडद्याची नळी, ठिणगीची खूण आणि कांडीच्या नळीवरचे बोट, या सहा तपासण्यांना एक सकाळ लागते व खर्च जवळजवळ काहीच नाही. नव्या रेडिएटरची मागणी नोंदवायची ती त्यानंतर, दुपारी.